मधोमध कुणी जात नाही

सर कधी रस्त्याच्या मधून चालल्याचं मला आठवत नाही. ऑफिसच्या व्हरांड्यात ते भिंतीला धरून चालायचे. लखनऊच्या लष्करी छावणीतल्या रुंद, निवांत रस्त्यांवरसुद्धा कडेच्या कडुनिंबांखालूनच जायचे, आणि एखादं मोकळं मैदान ओलांडायची वेळ आली तर सरळ त्याला वळसा घालायचे. लग्नाला गेले तर कनातीला पाठ लावून उभे. मीटिंगमध्ये खुर्ची कायम दाराजवळची. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही असं कडेकडेनं का चालता?" तर म्हणाले, "मधी कशाला जायचं? मधी कुणालाही दिसतंय माणूस." एवढं सांगून कडेकडेनंच पुढे गेले.

मी नाशिकची. लग्न होऊन लखनऊला आले ती मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, कारण नवरा रेल्वेत इंजिनियर. पदरात एमएस्सी बॉटनी होती आणि दिवसभराचं काम काय, तर शेजारणींबरोबर गच्चीवर बसून मटार सोलणे. नव्वदीची सुरुवात होती. मुलगी शाळेत जायला लागली, घरात माझ्याशी मराठी बोलायचं बंद करून "मम्मी, समझो ना यार" म्हणायला लागली, आणि मला वाटलं की आता काहीतरी केलं नाही तर मी या सोललेल्या मटारात संपणार. मराठी मंडळात कुणीतरी सांगितलं की एका सरकारी संशोधन संस्थेत आपल्याकडचे एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांना गवतं ओळखणारं माणूस हवंय. पण त्यांच्याकडे कुणी टिकत नाही. का टिकत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मुलाखत म्हणजे एकच प्रश्न झाला. सरांनी टेबलावरची पेन्सिल उगाच इकडची तिकडे केली आणि खाली बघत विचारलं, "तुम्ही घरी कुणाला भिता?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही."

"सासूबाईंना?"

"त्या नाशिकला असतात."

"म्हंजे आल्यावर भिता." सर पहिल्यांदा हसले. "असू द्या. उद्यापास्नं या. जीप सहाला निघती."

सर सांगोल्याकडचे. आयुष्याची निम्मी वर्षं उत्तरेत काढली, पण तोंडातला सांगोला गेला नव्हता. हिंदी बोलायचे तीही त्याच चालीवर. आणि कामाचं असो की घरचं, पावसाचं असो की राजकारणाचं, त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कोण कुणाला भितंय, तेवढं बघा. बाकी सगळं आपोआप कळतंय."

हे वाक्य मला पहिले काही महिने नुसतं चिडवायचं. मग त्यांच्या प्रयोगाच्या जागेवर ते खरं कशाबद्दल आहे ते कळलं.

शहराबाहेर चिनहटचे कारखाने मागे टाकले की थोड्या अंतरावर ऊसर लागायचा. ऊसर म्हणजे खारी, पांढरट, पीक न येणारी जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर मीठ सांडल्यासारखा थर येतो. शेतकऱ्यांनी टाकून दिलेली अशी एक मोठी पट्टी संस्थेच्या ताब्यात होती आणि तिच्यात सरांनी जाळीचे चौकोन करून ठेवले होते. रोज पहाटे तिथे जायचं, पिंजऱ्यात सापडलेले रानउंदीर बघून सोडून द्यायचे आणि कुठल्या चौकोनात कुठलं गवत किती आलंय ते टिपायचं, हे आमचं काम. उंदीर म्हणजे घरातले नव्हेत. लांब शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका, मागच्या पायांवर टुणकन उडी मारणारे, डोळे मोठे. तिकडे त्यांना हरना मूस म्हणतात. मला आधी किळस यायची आणि मग कौतुक वाटायला लागलं, जे माझ्या घरात कुणालाही पटलं नाही.

चौकोन तीन जातींचे होते. कागदावर त्यांना इंग्रजी नावं होती, पण आमच्या दोघांत ती कधी चालली नाहीत. पहिल्या प्रकारात कुंपण नुसतं नावाला, कुणीही यावं जावं. त्याला सर म्हणायचे धर्मशाळा. दुसऱ्यात बारीक जाळी जमिनीत खोलवर गाडलेली, उंदराला मज्जावच. ते सोवळं. तिसऱ्याची जाळी अशी होती की उंदीर आत शिरेल, पण मुंगूस, रानमांजर, कोल्हा शिरणार नाही, आणि घुबड वरून झडप घालू नये म्हणून डोक्यावरही जाळं. त्या चौकोनाचं नाव माहेर.

"उंदरांचं माहेर," सर गंभीरपणे सांगायचे. "यावं, खावं, कुणी विचारायचं न्हाई."

"आणि धामण शिरली तर?" मी विचारलं होतं. धामणीला जाळी काय अडवणार.

"नणंद येतीच की माहेरी कधीमधी."

मी गवतं मोजायला लागले आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं स्पष्ट होत गेलं. सोवळ्यात टाकळा आणि रानमूग अशी मोठ्या बियांची झाडं माजलेली, कमरेला लागणारी, कारण त्यांच्या बिया खायला कुणी नव्हतं. त्यांच्या सावलीत बारीक गवत गुदमरून गेलेलं. माहेरात नेमकं उलटं. उंदरांनी मोठी बी राहूच दिली नव्हती, त्यामुळे बारीक बियांचं गवत तेवढं सतरंजीसारखं पसरलेलं. आणि धर्मशाळेत दोन्ही होतं, पण वेगळ्या जागी. बोराटीच्या झुडपांच्या बुडाशी सगळं कुरतडून साफ, आणि मधल्या उघड्या जागेत टाकळा ऐटीत उभा. उंदराला पोट तेच होतं, बीही तीच होती. फक्त मधे जायची त्याची छाती होत नव्हती. जमीन एक, पाऊस एक, आणि तीन चौकोनांत तीन वेगळे देश. ही भीती गवतात लिहिलेली मी वाचली तेव्हा मला खरंच काटा आला होता. सरांना सांगितलं तर त्यांनी मला खिशातले भाजलेले शेंगदाणे दिले. त्यांच्याकडे शाबासकी अशीच मिळायची.

शेंगदाण्यांवरून आठवलं. सर उंदरांसाठी वाळूच्या थाळ्यांत शेंगदाणे मिसळून ठेवायचे. झुडपाशी एक थाळी, उघड्यावर एक थाळी. सकाळी उरलेले दाणे बघायचे. जिथे भीती जास्त तिथे दाणे जास्त उरतात, कारण उंदीर घाईनं वरवरचे खाऊन पळतो. ही त्यांची आवडती युक्ती होती आणि ती ते माणसांवरही वापरायचे. एका संक्रांतीला सर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आमच्याकडे आले होते. सासूबाई नाशिकहून आलेल्या. कॉलनीतली मुलं तिळगूळ घ्यायला येऊन गेली. सर नेहमीप्रमाणे कपाटाला टेकून उभे. सगळं आटोपल्यावर मला हळूच म्हणाले, "दारातली थाळी रिकामी, आन् सासूबाईंच्या पुढची भरल्याली. दोन्हीत लाडू सारखेच होते न्हवं?" मला एवढं हसू आलं की स्वयंपाकघरात जावं लागलं. सासूबाईंनी ते ऐकलं होतं. नाशिकला परत जाईपर्यंत त्या सरांना "तो उंदीरवाला" म्हणत राहिल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारून हातावर दोन लाडू ठेवले.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण सर जगात सगळ्यांना भ्यायचे आणि काकू कुणालाच भ्यायच्या नाहीत. छावणीच्या मागच्या बाजूला त्यांचं भाड्याचं घर होतं. त्या घरात केराचा कण सापडायचा नाही. काकूंच्या हातात केरसुणी नसेल तर समजावं की त्या आंघोळीला गेल्यात. सर घुबडांनी ओकलेल्या गोळ्या वर्तमानपत्रावर सुकत घालायचे, त्यातली उंदरांची हाडं वेगळी काढायला. काकू त्या गोळ्या वर्तमानपत्रासकट गच्चीवर नेऊन ठेवायच्या आणि सर परत खाली आणायचे. हा खेळ दिवसातून दोनदा चालायचा, कुणीही आवाज न चढवता.

एकदाच आवाज चढला. लखनऊत ज्वारी मिळायची मारामार. काकूंचा भाऊ सोलापूरहून येताना पिठाची पिशवी घेऊन आला होता आणि काकू ते पीठ सोन्यासारखं वापरत होत्या. सरांच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. आता दुसऱ्या कुणी पिंजरा लावला असता. सरांनी ते पीठ चाळणीनं अख्ख्या फरशीवर भुरभुरलं, सकाळी पावलं बघता यावीत म्हणून. मी जीपमधून त्यांना घ्यायला गेले तर सर ओट्याजवळ उकिडवे बसलेले, तोंड आनंदानं फुललेलं. "हे बघा, इथनं आला, भिंतीनं गेला, डब्याच्या आडोशाला थांबला. मधी एक पाऊल न्हाई."

मागे काकू केरसुणी घेऊन उभ्या. "ह्यांच्या आईनं ह्यांना जन्म दिला तो माझ्या भाकरीच्या मुळावर," असं त्या मला म्हणाल्या, सरांना नाही. मग सगळं पीठ झाडून भरलं आणि गाईला घातलं. सर त्या दिवशी जीपमध्ये चिनहट येईपर्यंत विजारीला लागलेलं पीठ झटकत होते. मग म्हणाले, "मला घरी कोण भितंय का बघा. एक उंदीर, तोबी नवा आल्याला."

हसून सांगितलं तरी ते खरं होतं, आणि त्यातलं उरलेलं अर्धं तितकं हसण्यासारखं नव्हतं. सर ऑफिसात भीत होते. डायरेक्टरांच्या खोलीवरून जायला लागू नये म्हणून ते मागच्या जिन्यानं यायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं मोठ्या पदांवर गेली, सरांनी कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. सभेत त्यांचंच काम दुसऱ्यानं स्वतःचं म्हणून सांगितलं तरी दाराजवळच्या खुर्चीत बसून पेन्सिल फिरवत राहिले. मी बाहेर आल्यावर तणतणले. तर मला खिडकीपाशी नेऊन अंगण दाखवलं. "लॉन कुठं चांगलं हाय?"

लॉन सगळीकडे तुडवलेलं होतं. फक्त डायरेक्टरांच्या खिडकीखाली दाट, हिरवंगार.

"तिथं कुणी उभं ऱ्हात न्हाई," सर म्हणाले. "साहेब खिडकीत येतातच असं न्हाई. आता तर दौऱ्यावर हायत. तरीबी कुणी जात न्हाई बघा."

मला त्यांचा इतका राग आला होता. सगळं कळणाऱ्या माणसानं स्वतः असं वागावं याचा. मी म्हटलं, "मग तुम्ही तरी जा की त्या लॉनवर." सर मागच्या जिन्यानं खाली गेले.

आणि मग ती समिती आली. चिनहटच्या पलीकडच्या त्या जागेवर संस्थेला अतिथीगृह बांधायचं होतं. डायरेक्टर साहेबांचं म्हणणं असं की इतकी वर्षं जाळ्या लावून उंदीर पाळण्यात सरकारचं काय भलं झालं. बाहेरून तीन जाणकार येऊन पाहणी करणार आणि चौकोन ठेवायचे की काढायचे ते सांगणार असं ठरलं. सरांच्या निवृत्तीला अजून थोडी वर्षं होती आणि असलं काम बऱ्याच वर्षांनीच पिकतं. दुष्काळी साल, ओलं साल, सगळं बघून झालं की मग त्यातून काही ठाम बोलता येतं. जाळ्या आज काढल्या असत्या तर आधीची सगळी वर्षं वाया गेली असती. सर हे सगळं मला सांगायचे. डायरेक्टरांना सांगायला हवं होतं.

"समितीपुढे तुम्हीच बोलायचं," मी त्यांना बजावलं.

"तुम्ही बोला की. तुम्ही कुणाला भीत न्हाई."

"माझे चौकोन आहेत का ते?"

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. टाकळ्याला शेंगा धरल्या होत्या, गवतं कणसावर होती, दाखवायला याहून चांगला महिना नव्हता. जीप वळली आणि मला आधी वाटलं, आपण रस्ता चुकलो. कुंपणाच्या खांबांना गेरू लावलेला. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेषा. फाटकाशी झेंडूच्या कुंड्या. आणि आत सगळं भुंडं. सोवळं, माहेर, धर्मशाळा, एकूण एक चौकोन विळ्यानं कापून, वर झाडू मारून लख्ख केलेला. कापलेल्या गवताचे ढीग कुंपणाबाहेर धुमसत होते.

मिश्राजी धावत आले. ते संस्थेच्या इमारती आणि बागा बघायचे. चांगला माणूस, सरांबद्दल आदर असलेला. घामानं शर्ट भिजला होता आणि चेहरा उजळला होता.

"सर जी, सुबह से लगे हैं हम लोग. बड़े लोग आ रहे हैं, इतना जंगल देखेंगे तो क्या कहेंगे? आपकी इज़्ज़त का सवाल है. बस बेर की झाड़ी रह गई, काँटों में कोई हाथ डालने को तैयार नहीं."

मी मिश्राजींना काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे आधी गोंधळले आणि मग त्यांचा चेहरा असा पडला की माझेच शब्द मला टोचले. सरकारी माणूस. साहेब येणार म्हटलं की चुना, गेरू, झाडू. त्यांना दुसरं काय सुचणार होतं. आणि इतक्या वर्षांत त्यांना समजावून सांगायला सर त्यांच्या टेबलापर्यंत तरी कधी गेले होते?

सर कुंपणाला धरून सगळीकडून एक फेरी मारून आले. "बढ़िया किया, मिश्राजी," एवढंच म्हणाले. येताना जीपमध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले होते. छावणीच्या वळणावर उतरताना म्हणाले, "उद्या मी येत न्हाई. आता दाखवायला काय ऱ्हायलंय?"

दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन सहाच्या आधीच त्यांच्या दाराशी गेले. सर तयार होऊन बाहेर उभे होते, मफलर कानाला घट्ट गुंडाळलेला, चेहरा फाशीला निघाल्यासारखा. मागे काकू केरसुणी घेऊन. काकूंनी स्वतःच सांगितलं, "घरात बसलात तर तुमच्या अंगावरून झाडून काढीन म्हटलं."

ऊसरावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. हलकं धुकं होतं, जमिनीवर दव. सर सवयीनं धर्मशाळेच्या कुंपणाशी गेले आणि थांबले. मग गुडघ्यावर बसले. मग मला हाक मारली, हळू, जणू कुणी झोपलंय.

झाडू मारलेली ती बारीक पांढरट माती दवानं जराशी ओलसर झाली होती आणि रात्री हरना मूस येऊन गेले होते. एक एक पाऊल उमटलेलं. धर्मशाळेत पावलांची दाट वाट बोराटीच्या बुडाला धरून, कुंपणाच्या कडेनं, पुन्हा बोराटीकडे. मधे काहीच नाही. कालच्या झाडूचे फराटे मधे जसेच्या तसे. आम्ही जवळजवळ पळत माहेराकडे गेलो. तिथे पावलंच पावलं, कडेला, मधे, आडवी, तिरपी, बाजारात गर्दी उसळावी तशी. आणि सोवळ्यात कोरी माती. इतकी वर्षं गवताआड झाकलेली गोष्ट मिश्राजींच्या झाडूनं एका रात्रीत उघडी करून ठेवली होती.

सर हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. "पीठ," ते म्हणाले. "सगळ्या ऊसरभर पीठ टाकलंय बघा ह्यानं."

तेवढ्यात गाड्या आल्या. डायरेक्टर पुढे, त्यांच्यामागे तीन पाहुणे, मिश्राजी हार घेऊन. मी बघितलं. ते सगळे चुन्याच्या रेषांमधून सरळ येत होते आणि ती वाट मिश्राजींनी थेट धर्मशाळेच्या फाटकातून आत, मधोमध नेली होती. अजून पाच-दहा पावलं आणि बुटांनी सगळं पुसलं जाणार होतं. माझा आवाज फुटेना. मी, जी कुणाला भीत नव्हते.

सर धावले. मी त्यांना त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. कुंपणाची कड सोडून उघड्या जमिनीवरून सरळ रेषेत ते डायरेक्टरांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"रुकिए. आगे कोई नहीं आएगा."

डायरेक्टर पुढचं पाऊल उचलता उचलता थबकले. मिश्राजींच्या हातातला हार तसाच राहिला. "आप मुझे रोक रहे हैं?" डायरेक्टर म्हणाले.

"जी, सर. आपको ही. जूते." सरांची नजर खाली बुटांवर, हात मात्र पसरलेलेच. "किनारे से आइए. मैं दिखाता हूँ."

पाहुण्यांत एक म्हातारे होते, हातात काठी, समितीचे प्रमुख. ते कडेनं चालत आले आणि काठी टेकवून खाली बसले. सर त्यांच्याशेजारी बसले आणि बोलायला लागले. तिन्ही चौकोन दाखवले. आदल्या दिवसापर्यंत कुठे काय उगवलेलं होतं ते सांगितलं, मी कापलेल्या ढिगातून टाकळ्याच्या शेंगा आणून दाखवल्या. सांगोल्याच्या चालीतली ती हिंदी त्या सकाळी कुणाला खटकली नाही.

म्हाताऱ्यांनी धर्मशाळेच्या मधल्या कोऱ्या मातीकडे काठी केली. "लेकिन कल रात यहाँ कोई शिकारी आया था क्या? न उल्लू का निशान, न नेवले का. फिर ये बीच में क्यों नहीं गए?"

"आना ज़रूरी नहीं है, सर," सर म्हणाले. "आ सकता है, इतना काफ़ी है."

म्हातारे त्या मातीवरून वर आभाळाकडे बघून हसले. मग उठले, डायरेक्टरांकडे वळून म्हणाले की अतिथीगृहासाठी दुसरी जागा बघावी. आणि सरांना विचारलं, "आपको इस काम के लिए और क्या चाहिए?"

मी मनात जपच करत होते, मागा सर, आता तरी मागा. नवी जीप मागा, माणसं मागा. सरांनी मिश्राजींकडे बघितलं. ते हार घेऊन अजून तिथेच उभे होते.

"बस, यहाँ कोई सफ़ाई न करे," सर म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात मिश्राजींनी स्वतः रंगवून एक पाटी आणली आणि फाटकावर ठोकली. "यहाँ सफ़ाई करना मना है. आदेशानुसार." अख्ख्या हिंदुस्थानातल्या सरकारी जागेत अशी पाटी दुसरी नसेल. येणारे-जाणारे हसायचे. मिश्राजी दिसले की सर त्यांना शेंगदाणे द्यायचे.

सर निवृत्त होईपर्यंत चौकोन राहिले. काम पुरं झालं, छापून आलं, त्यावर सरांचं नाव पहिलं होतं आणि माझं दुसरं. पुढे ती जागा कुणी सांभाळली नाही आणि जाळ्या निघाल्या. सांगोल्याला परत जाताना सरांनी निरोप समारंभाची शाल काकूंना दिली आणि ती पाटी मागून घेतली. त्या दिवशीही ते मागच्याच जिन्यानं गेले. एका सकाळीनं माणूस बदलत नाही. पण मला ते आता खुपलं नाही.

आमचीही मग पुण्याला बदली झाली. सर गेल्याचं मला उशिरा कळलं. मी काकूंना भेटायला सांगोल्याला गेले. गावाबाहेर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, मागे मोकळं परस. घर लख्ख, भांडी आरशासारखी. काकू वाळल्या होत्या पण चहाचा कप ठेवायच्या आधी त्यांनी माझ्यापुढची फरशी पुसली, आणि मला बरं वाटलं.

चहा झाल्यावर त्या मला मागे घेऊन गेल्या. परसाच्या कोपऱ्यात बोराटीचं एक झुडूप होतं, त्याच्याजवळ रोवलेली मिश्राजींची पाटी, अक्षरं विटलेली. पाटीपुढच्या जमिनीला कधी केरसुणी लागलेली नव्हती. झुडपाच्या बुडाशी सगळं कुरतडलेलं, आणि मधे टाकळा छातीइतका वाढलेला. त्या एवढ्याशा घरात, काकूंच्या घरात.

"ते होते तवर रोज भांडले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, घराला उकिरडा केलाय. एकदा तुम्ही गावाला जा, एका दिवसात चकचकीत करून ठेवते."

"मग आता?" मी विचारलं. "आता कोण बघणार आहे?"

काकू पाटीकडे बघत होत्या. "चाळीस वर्षं ह्या माणसाला मी कधी भ्यायले न्हाई. आता भिते." पदरानं त्यांनी नाक पुसलं. "केरसुणी घेऊन येते इथवर. आन् परत जाते."

टाकळ्याच्या शेंगा नीट बघाव्यात म्हणून मी पाऊल पुढे टाकलं, तर काकूंनी माझा हात धरला.

"मधनं नको," त्या म्हणाल्या. "कडेनं या."

आम्ही दोघी भिंतीला धरून परत घरात आलो.